वेल्सच्या वेशीतून

बाई,

तुमच्या गावात अर्धी माणसं राजाने मारली, उरलेली धर्मगुरूंनी मारली आणि त्यातूनही जी वाचली त्यांनी एकमेकांना मारलं, असं तुम्ही सांगायचात तेव्हा तुमचा चेहरा वरातीत मिरवणाऱ्या करवलीसारखा खुललेला असायचा. लढाईची वर्षं होती. क्लोरोफॉर्म यायचा बंद झाला होता, डॉक्टर कधीमधी आगगाडीने यायचे, एरवी नर्स म्हणून तुम्ही एकट्या, आणि नंदुरबारबाहेरच्या मिशनच्या आपल्या त्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात रक्त काही थांबत नव्हतं. बांधावरून भांडणं, कुऱ्हाडीने उघडलेले खांदे, बैलाने फाडलेलं पोट, कापसाच्या जिनात सापडलेले हात. भूल द्यायला औषध नाही म्हणून तुम्ही माणसाला तुमच्या गावाला घेऊन जायचात. हाड बसवायचं असलं की त्याचा दुसरा हात माझ्या हातात द्यायचात आणि म्हणायचात, "चाल, मन्हा गावले जाऊत." गोरी बाई अहिराणी बोलते याचंच त्याला अर्धं आश्चर्य. कोणी विचारलं, इंग्लंडला का, तर तुम्ही कात्री खाली ठेवून आधी त्याची कानउघाडणी करायचात की मी इंग्रज नाही, मी वेल्सची आहे, आणि माझ्या गावात इंग्रजांनी काय काय केलं ते वेशीपाशी पोचलो की सांगते.

मग वेशीतून आत. वेशीवर एका बंडखोराचं मुंडकं टांगलेलं, पण तो भलताच माणूस निघाला. खरा सापडला तेव्हा खिळ्यावर जागा नव्हती, म्हणून त्याला सोडून दिलं. डावीकडे नदी. तिथे लोकांनी एका न्यायाधीशाला बुडवलं, तर तो वर येऊन आणखी एकाला फाशी सुनावून पुन्हा बुडाला. चढावर मोठं चर्च, आणि ते आहे म्हणूनच त्या खेड्याला शहर म्हणायचं, नाहीतर ते आमच्या कोरीट गावाएवढंच. प्रत्येक वळणावर तुम्ही प्रश्न विचारायचात, आणि उत्तर चुकलं की परत वेशीपासून सुरुवात. एक म्हातारा कण्हत कण्हत म्हणाला होता, "इतलंसं गाव, नी इतल्या मुंड्या?" आणि हसला. तो हसला त्याच क्षणी तुम्ही त्याचा खांदा ओढून जागेवर बसवलात. हसताना माणूस अंग सैल सोडतो, हे तुम्ही मला नंतर हात धुताना समजावलंत.

मीही त्या वाटेने गेलेली होते. मला बैलगाडीत घालून आणलं तेव्हा डोक्याची कातडी कपाळावर लोंबत होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर करपली म्हणून नवऱ्याने मुसळ घातलं होतं. तुम्ही टाके घालत होतात आणि मी रडत रडत तुमच्या त्या चर्चच्या पायऱ्या चढत होते. बरी झाले तरी मी परत गेले नाही. चुली पेटवल्या, पट्ट्या उकळल्या, मग तुम्ही मला सुई धरायला शिकवलंत. पण पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला स्पष्ट सांगितलं होतं की नवरा न्यायला आला तर मिशन मला ठेवून घेणार नाही. लग्नाची बायको अडवून ठेवली तर दवाखानाच बंद पाडतील लोक. तो दोनदा आला. दोन्ही वेळा तुम्ही माझ्या कधीच भरून आलेल्या डोक्याला पट्टी गुंडाळून म्हणालात, जखम ओली आहे. तिसऱ्या वेळी पट्टी चालणार नाही हे दोघींनाही ठाऊक होतं. मी दवाखान्याच्या आडावर पाणी शेंदताना आडाच्या तळाकडे बघायचे, आणि ते तुमच्याही लक्षात आलं होतं. तुम्ही पाणी आणायला दुसरीला पाठवू लागलात.

आणि मग तो खरंच आला, पण मला न्यायला नव्हे. दुपारची वेळ, ऊन नुसतं भाजत होतं. जिनातले दोन मजूर त्याला धरून आणत होते, मागून माझे सासरे, आणि त्याच्या उजव्या हाताला गुंडाळलेलं धोतर लाल नव्हे, काळं झालेलं. यंत्राने मधली बोटं चिरडली होती, हाडाचा चुरा कातडीला चिकटून लटकत होता. डॉक्टर यायला संध्याकाळ होणार आणि रक्त तोवर थांबणार नाही. तुम्ही एकदा हाताकडे पाहिलंत, एकदा माझ्याकडे, आणि म्हणालात की मला कापताना बोलता येणार नाही, वाट तू दाखव.

आमच्यात सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि सासऱ्यांनी माझा आवाज ऐकलेला नव्हता. ते त्याचे पाय धरून बसले होते, मी पदर नाकापर्यंत ओढून उभी. मी तुमच्या कानात तसं सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, तुला तुझ्या घरचं कुठे बोलायचंय, माझंच गाव दाखवायचंय ना. मी त्याचा डावा हात हातात घेतला. तो हात मला चांगला ओळखत होता. मी वेशीपासून सुरुवात केली, आणि उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही हा तुमचा नियम आधीच सांगितला. मुंडक्याची गोष्ट सांगितली, मजूर हसले, तोही दात आवळून हसला, आणि तुम्ही पहिलं बोट तोडलंत. तो असा ओरडला की बाहेरचे बैल बिचकले. मग शुद्धीवर राहण्यासाठी त्याने माझ्या पंज्याला गच्च आवळलं आणि त्या स्थितीतही, घाम गाळत, मला दम दिला, "टाका निघनात का मी तुले लई जासू." सगळ्यांसमोर. त्याची बोटं तुटत होती, आणि तो मला पुन्हा मारायचे बेत करत होता.

बाई, त्या क्षणी मी तुमच्या गावातली वाट सोडली. आवाज तोच ठेवला, तुमचाच, मिष्किल. मी म्हणाले, आता उजवीकडे वळू, इथे एक राजवाडा लागतो. हा ओटा, इथे राजेसाहेब पान चघळत बसतात. ही खुंटी, हिच्यावर बैलांचा आसूड असतो, पण बैलांवर राजेसाहेबांचा फार जीव, म्हणून आसूड राणीसाठी. मजूर हसले. त्याला कळलं नाही, की कळूनही दुखण्यापुढे सुचलं नाही, तोही हसला. तुम्ही दुसरं बोट तोडलंत. मी पुढे निघाले. ही घडवंची, इथे मातीचा हंडा फुटला, राणीच्या पाठीवर फुटला, हंडा नवा होता म्हणून राजाला फार वाईट वाटलं. सासऱ्यांनी मान वर केली. घडवंची त्यांच्याच घरातली होती, हंडा त्यांनीच बाजारातून आणला होता. हसायचं थांबलं. तुम्ही वर न बघता एवढंच म्हणालात, "पुढे चाल."

मग जातं आलं. आमचं जातं माजघरात, अंधाऱ्या कोपऱ्यात. मला पाचवा महिना होता. पीठ जाडं दळलं म्हणून त्याने मला जात्यावरून लाथेने ढकललं आणि मग लाथा मारतच राहिला, दमेपर्यंत. सासऱ्यांना त्याने सांगितलं होतं की मी विहिरीच्या पायरीवरून घसरले. मी हे काही सांगितलं नाही. मी नुसतं तुमच्या पद्धतीने वळणावर थांबले आणि विचारलं, "आठे कोन मरनं?" तुम्ही सुरी थांबवलीत. रक्त टपटपत होतं, आणि सगळ्यांना नियम माहीत होता, की उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्याने बापाकडे पाहिलं, मग सुरीकडे.

"पोर," तो म्हणाला.

"कोनी मारं?"

"मी. मी मारं. आते काप ना व बाई, मरी जासू."

तुम्ही तिसरं बोट तोडलंत. या वेळी तो हसत नव्हता, त्यामुळे फार दुखलं असणार. सासरे पाय सोडून उठले आणि बाहेर जाऊन भिंतीला तोंड करून उभे राहिले, आणि त्याचे पाय मग मी धरले. जखम तुम्ही इतकी नेटकी शिवलीत की डॉक्टरांनी संध्याकाळी शाबासकी दिली. रात्री माझ्या ताटात तुमच्या डब्यातला साखरेचा खडा ठेवलात, लढाईच्या दिवसांत साखर म्हणजे काय ते तुम्हालाच ठाऊक.

टाके निघाले त्या दिवशी मी गाठोडं बांधून तयार होते. पट्टीचं सोंग करायला तुम्ही आला नाहीत, दाराशी उभ्या राहिलात, हात छातीवर बांधून. तो उठला, माझ्याकडे बघून मानेने खुणावलं. गाडी घेऊन आलेल्या सासऱ्यांनी त्याला मानगुटीला धरून गाडीत लोटलं, जखमी हात गाडीच्या फळीवर आपटला तरी थांबले नाहीत. मग माझ्याकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलले, तेही जमिनीकडे बघून. "पोरी, तुले लेवाले आते कोनी येवाव नही." आणि खरंच कोणी आलं नाही. पुढे तो वारला तेव्हाही निरोप आला नाही, बाजारात कळलं. मला दया आली नाही, आणि आली नाही याचं काही वाटलंही नाही.

लढाई संपल्यावर तुम्ही परत गेलात, काही वर्षांनी तिकडेच वारल्याचं मिशनमधून कळलं. मी म्हातारी झाले. तरी अजून कोणाचा खांदा निखळला की माणसं माझ्याच ओसरीवर येतात, दवाखान्यात नंतर जातात. आज हे लिहून झाल्यावर पत्ता घालायला म्हणून पेन उचललं, गंमत म्हणून, मेलेल्या माणसाला काय पत्ता. तर गावाचं नाव आठवेना. मग चर्चपर्यंतची वाट आठवून पाहिली. नदी डावीकडे होती की उजवीकडे? न्यायाधीश आठवतो, त्याच्यानंतरचं वळण पुसून गेलं आहे. ते घर मात्र सगळं आहे, ओटा, खुंटी, घडवंची, जात्याच्या खुंट्याला पडलेली चीरसुद्धा. जे विसरायचं होतं ते तेवढं टिकलं, आणि तुमचं गाव हातातून निसटत चाललं आहे. परवाच एका पोरीचं मनगट बसवत होते. तिला घेऊन तुमच्या वेशीतून आत गेले, मुंडकं दाखवलं, ती हसली, आणि दोनच वळणांवर समोर तो ओटा आला. तिने विचारलं, आजी, हे अजून वेल्समध्येच आहे ना. मी हो म्हणाले आणि मनगट ओढलं.