अभ्यासिकेच्या सेटिंगमधून मला मोकळे करण्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता (विद्युत),
देखभाल कक्ष, लोकवाचन भवन,
वाशी, नवी मुंबई.

विषय : अभ्यासिकेतील खुर्चीवरून एक दिवस उठण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या अभियंत्यांनी दिलेली तोंडी सूचना.

महोदय,

मी या वाचनालयाचा जुना वर्गणीदार. अर्ज लिहिण्याची सवय नाही, चूकभूल पदरात घ्यावी.

१. गेल्या महिन्यात अभ्यासिकेतले पंखे काढून, खिडक्या कायमच्या बंद करून नवी स्वयंचलित वातानुकूलन यंत्रणा बसवली. हवा किती गार ठेवायची हे ठरवणारी डबी माझ्या नेहमीच्या खुर्चीमागे, मानेपासून वीतभर अंतरावर आहे. चाचणीच्या वेळी मी तिथेच वाचत होतो. उठू का, असे विचारायचे मनात होते. धीर झाला नाही.

२. आता डबी माझ्या अंगाची ऊब धरूनच चालते. मी उठलो की तिला खोली गार झाली असे वाटते आणि ती यंत्र थांबवते. परीक्षेला बसणारी मुले घामाघूम होतात. "काका, बसा ना," असे मागून आवाज येतात. मी बसतो.

३. विचारणा केली तेव्हा आपले अभियंते म्हणाले, "काका, तुम्ही सेटिंगमध्ये धरलेले आहात." डबीच्या झाकणाची किल्ली कंपनीकडे, कंपनी मद्रासला. माझ्या जागी शिपाई शहाजी यांना बसवून पाहिले. ते अंगाने माझ्या दुप्पट. मुलींनी ओढण्या गुंडाळून घेतल्या.

४. येत्या गुरुवारी पनवेलला माझ्या नातीचे बारसे आहे. नाव शोधण्याचे काम मुलीने माझ्यावर सोपवले होते. ते सापडले, पण अजून कोणाला सांगितलेले नाही. शुक्रवारी मुलांचा पेपर आहे. गुरुवारी मी उठलो आणि एखाद्याचे वर्ष गेले तर, हा विचार सुटत नाही.

पत्नी सौ. जयमाला पुढे पनवेलला गेल्या आहेत. जाताना म्हणाल्या, "जन्मभर कुणी तुम्हाला थांबा म्हटलं नाही. एका डबीनं म्हटलं, तर थांबलात." हे खोटे आहे असे मला म्हणवत नाही.

तरी डबी हलवावी किंवा मला एक दिवसाची रजा द्यावी. मी आपला कर्मचारी नाही. रजा कोणत्या नियमाने मागावी हे उमगले नाही.

आपले कार्यालय वरच्याच मजल्यावर आहे. स्वतः येणे योग्य होते, परंतु वरील कारणास्तव अर्ज शहाजींच्या हाती पाठवीत आहे. उत्तर घरी न पाठवता खुर्चीवर पाठवावे. नकार असल्यास सोबतचे पाकीट तरी गुरुवारी दुपारपूर्वी पनवेलला पोहोचेल असे पाहावे.

आपल्या निर्णयाची वाट पाहत,

दिनानाथ वामन खांबेटे
कोपरखैरणे
दि. १३ मे १९९७

सोबत : नातीचे नाव (बंद पाकिटात).