खंडेनवमीची टाकी

विटा,
९ फेब्रुवारी १९९७

प्रिय नेमिनाथ,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, समजून घे, असं आधी लिहिलं होतं. मग खोडलं. समजून घ्यायचं काम आजवर मीच केलंय, आता थोडं तू कर. आणि वर 'प्रिय' लिहिलंय ते बघून लगेच खूश होऊ नकोस. सवय आहे ती, दुसरं काही लिहायला हातच वळेना.

आमचं म्हणशील तर बरं चाललंय. साखर कारखान्याची फोरमनकी सोडल्यावर मी विट्यात कडेगाव रस्त्याला गॅरेज टाकलं. टेम्पो येतात, ट्रॅक्टर येतात, आणि परमुलखात सोन्याची गलाई करणारे आपले लोक जत्रेला गावी आले की त्यांच्या चकचकीत मोटारीही येतात. काम भरपूर आहे, हाताला यशही आहे. पण गाडी नीट करून किल्ली हातात दिली, की एखादा हमखास डोळा मारून विचारतो, "फोरमन, टाकीत काय वतलं न्हाईसा न्हवं?" बाकीचे खिदळतात. मीही हसतो. मला इथं 'स्पिरिट फोरमन' म्हणतात, हे तुझ्या कानावर आलंय की नाही कोण जाणे. अठरा वर्षं इंजिनात हात घालून मिळवलेलं नाव एका दुपारी गेलं, त्याच्या जागी हे आलं.

तू पहिल्यांदा कारखान्यावर आलास ते आठवतंय? एकोणनव्वद साल. सांगलीच्या कॉलेजातून नवा कोरा इंजिनीअर, पँटला इस्त्री, आणि कँटीनच्या रश्श्यात कांदा-लसूण बघून उपाशी बसलेला. तिसऱ्या दिवशी मी तुला घरी नेलं. आमच्या वस्तीत तुमच्यातला माणूस जेवायला बसतो म्हणून दोन्हीकडच्या लोकांनी भुवया उंचावल्या. तू मात्र मांडी घालून बसलास आणि तीन भाकऱ्या खाल्ल्यास. तू सूर्य मावळायच्या आत जेवतोस हे कळल्यावर आई, म्हणजे तुझी हरणाआई, पाच वाजताच तवा ठेवायला लागली. सगळ्या घराची जेवणाची वेळ तुझ्यापायी बदलली रं. बाप गेल्यावर आमच्या घरात मोठ्यानं हसणारा तूच पहिला.

मग एक्क्याण्णव साल. आखातात लढाई पेटली आणि विट्याच्या पंपावर आपण दोघं कॅन घेऊन उन्हात तीन तास उभे राहिलो. लढाई कुठं, घाम कुठं! तिथंच तू बोललास, की आपल्या मळीपासून निघणारं स्पिरिट लोक पिऊन पडतात आणि आपण जहाजातून येणाऱ्या तेलासाठी रांग लावतो, आपल्यासारखे खुळे आपणच. मला ते इतकं पटलं की त्याच आठवड्यात मी माझ्या लूनात स्पिरिट घालून बघितलं. लूना गचके खात बंद पडली आणि तू पोट धरून हसलास. पण खूळ डोक्यात बसलं ते बसलंच.

पुढं तू मुंबईला सरकारी खात्यात गेलास, इंधनाच्या समितीचा सचिव झालास, तरी खूळ सोडलं नाहीस. त्याबद्दल तुला तेव्हा मनापासून मानलं होतं. पेट्रोलमध्ये दहात एक भाग स्पिरिट, त्यासाठी कडेगाव, विटा आणि हायवेला शिरवळ अशा तीन ठिकाणी वेगळ्या टाक्या, वेगळे पंप. ते जमलं तर पुढं सगळीकडं. आराखडा तुझा, पण गाडी चालवून दाखवायची कुणी? धनाजीनं. साध्या स्पिरिटमध्ये पाण्याचा अंश असतो, तो काढल्याशिवाय ते पेट्रोलमध्ये टिकत नाही. मी कळीचा चुना आणून त्यात स्पिरिट मुरवायचो आणि पुन्हा उकळून वाफ धरायचो. किती चुना, किती तास, कुठल्या हवेत किती, सगळं वहीत मांडलं. अकरा महिने कारखान्याची जुनी पेट्रोल जीप त्यावर पळवली. खंबाटकीचा घाट भरल्या जीपनं चढलो त्या दिवशी मी माथ्यावर थांबून एकटाच ओरडलो होतो. बाजूचे ट्रकवाले म्हणाले असतील, येडं लागलं ह्याला.

चौऱ्याण्णवच्या दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी समिती बघायला येणार असं ठरलं. दोन जीपा आणि चेअरमनसाहेबांची अँबॅसिडर यार्डातल्या नव्या टाकीतून भरायच्या आणि साहेब लोकांना बसवून विट्यापर्यंत न्यायचं. टाकी हजार लिटरची, झाकणाला कुलूप, किल्ली एकच. बाजूला तुझ्याच हातानं रंगवलेली अक्षरं होती, 'आत पाणी जाऊ देऊ नये'. कारण आपण दोघांनी ते बाटलीत करून बघितलं होतं. नुसत्या पेट्रोलमध्ये पाणी पडलं तर ते बिचारं गुपचूप तळाला बसतं, नळ त्याच्या वर असतो, कुणाचं काही बिघडत नाही. पण स्पिरिट मिसळलेलं असलं की स्पिरिट पेट्रोलला सोडतं आणि पाण्याच्या गळ्यात पडतं. दोघं मिळून तळ धरतात, तो थर नळाच्या वर चढतो, आणि इंजिनाच्या नशिबी तेच येतं.

त्याच दसऱ्याला आईला नागपूरला जायचं होतं. माझ्या आज्यानं बाबासाहेबांच्या मागं धम्म घेतला, पण आमच्या घरातल्या कुणीही दीक्षाभूमी बघितलेली नव्हती. मी म्हणालो, पुढच्या वर्षी. तयारीसाठी तू मुंबईहून आधीच आला होतास, तूच भरीला घातलंस. "हरणाआईचे गुडघे पुढच्या वर्षी चालतील का? जा गड्या, मी आहे ना." मी स्पिरिट तयार करून पिंपं मोहरबंद केली, दसऱ्यानंतर टाकी तू भरायचीस म्हणून किल्ली तुझ्या हातात दिली आणि कराडहून आईला घेऊन रेल्वेत बसलो. आई दीक्षाभूमीवर मातीला हात लावून बसली ती उठायलाच तयार नव्हती. तुझ्यासाठी म्हणून बुद्धाची छोटी मूर्ती घेतली तिनं. ती तुला द्यायची राहिलीच.

परत आलो, आणि दुसऱ्याच दिवशी चार किलोमीटरवर तिन्ही गाड्या रस्त्यात उभ्या. पहिल्यांदा अँबॅसिडर, मग जीपा. समितीतला एक जण म्हणाला, "गाड्यांना चढलेली दिसते." सगळे हसले. चेअरमनसाहेब माझ्याकडं असं बघत होते की रस्त्यानं पोटात घेतलं असतं तर बरं. मी तुला म्हणालो, टाकीचा तळ बघू या, काय झालंय ते कळेल. तू म्हणालास, आगीचा धोका आहे, आधी रिकामी करू. संध्याकाळच्या आत तू टाकी रिकामी करवलीस. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं माझंच चुकलं. नागपूरच्या घाईत शेवटच्या पिंपाला चुना कमी वेळ लागला असणार, पाणी राहिलं असणार. यार्डातल्या कडुनिंबाखाली मी तुझ्यासमोर रडलो, नेमिनाथ. सहा फुटी बाप्या माणूस रडलो. माफी मागितली. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "जाऊ दे धनाजी, होतं असं. मी मनात काही ठेवणार नाही."

महिन्यानं अहवाल आला. 'हे इंधन येथील परिस्थितीत टिकत नाही. तसेच संबंधित कर्मचारी महत्त्वाच्या वेळी खासगी कारणास्तव अनुपस्थित होता.' खाली सही तुझी. कारखान्यावर कुणी तोंडावर बोललं नाही, पण पाठीमागं काय बोलले ते आपल्या भागात वेगळं सांगायला नको. काम सोडून ह्यांना नागपूर सुचतंय! ते आईच्या कानावर गेलं. त्या दिवसापासून ती नागपूरचं नाव काढत नाही. "माज्यापायी झालं," एवढंच म्हणाली, एकदाच. मी राजीनामा दिला. आणि तरीही तुझा राग आला नाही बघ. म्हटलं, नेमूनं सरकारी भाषेत लिहिलंय, त्याचा नाइलाज असेल.

आता गेल्या महिन्याचं ऐक, तुझं पत्र आलं त्याच दिवसाचं. चेअरमनसाहेबांची एकसष्टी झाली. त्यांचा गौरव अंक कुणीतरी गॅरेजवर ठेवून गेलं. चहा पिता पिता पानं उलटत होतो. आत चौऱ्याण्णवच्या दसऱ्याच्या आदल्या दिवसाचा, खंडेनवमीच्या पूजेचा फोटो. चेअरमन नारळ वाढवतायत, टाकीला झेंडूची माळ, झाकण उघडं, टाकीवरून पाणी निथळतंय, खाली चिखल, आणि बाजूला रबरी नळी. त्या नळीशेजारी हातात किल्ली घेऊन तू उभा आहेस. फोटोत तुझीच ती अक्षरंही वाचता येतात. चहा तसाच गार झाला.

आपल्या यार्डाची रीत मला काय नवी आहे? खंडेनवमीला पान्यापासून डिझेलच्या टाकीपर्यंत सगळं आत-बाहेर धुतल्याशिवाय हळदकुंकू लावत नाहीत. आम्ही पूजा करत नाही, पण वर्षानुवर्षं बघत आलोय. डिझेलच्या टाकीत चार बादल्या पाणी राहिलं तरी चालून जायचं, म्हणून कुणाला त्यात चूक दिसली नाही. ही टाकी वेगळी होती, आणि ते जाणणारी माणसं जगात दोनच होती. एक नागपुरात होता. मी त्याच दिवशी कारखान्यावर जाऊन यार्ड झाडणाऱ्या रंगुबाईला गाठलं. ती बिचारी सरळ बोलली. "आवं फोरमन, सायबांनीच किल्ली काडून दिली की. चेरमन म्हनलं, नवी टाकी हाय, आतनं-भाईरनं धुवा, फोटू काडायचाय. मी म्हनलं, फोरमननी पानी लावू नगा म्हनलंय. तर सायब जरा गप बसलं, आन् म्हनलं, धू तू, मी बगतो."

जरा गप बसलास म्हणे. त्या गप बसण्यात काय काय चाललं असेल ते मी बारा दिवस मोजतोय. चेअरमनला नाही म्हणायची छाती झाली नाही, ठीक आहे. भल्याभल्यांना होत नाही. टाकी नीट पुसली गेली असेल असं वाटलं, तेही ठीक. पाणी राहिलं ही चूक झाली, अरे, चूक माणसाचीच होते! तू येऊन सांगितलं असतंस तर मी तुला शिव्या घातल्या असत्या आणि मग दोघांनी मिळून टाकी पुसली असती. पण कडुनिंबाखाली मी रडत होतो तेव्हा तुला माहीत होतं. माहीत असताना तू मला माफ केलंस. अरे, माफ कसलं करतोस? गुन्हा तुझा आणि माफी मला? केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. सव्वादोन वर्षं त्या माफीचं ओझं मी उपकार म्हणून वाहिलं. शेवटच्या पिंपाला चुना किती वेळ लागला होता ते मी झोपेतसुद्धा आठवत बसायचो.

आता तुझ्या पत्राचं. नवी समिती झाली, तू तिचा प्रमुख झालास, अभिनंदन. या वेळी तीन नाही, तीस पंप, असं लिहिलंयस. आणि त्यासाठी माझी चुन्याची वही हवी. 'जुनं विसरून पाठवून दे, आभारात तुझं नाव घालतो.' वही पेटीत आहे, नीट आहे. मी ती जाळणार नाही, अडवूनही ठेवणार नाही. घाट चढलेली जीप मी डोळ्यांनी बघितलीय, ते खोटं पडावं असं मला कसं वाटेल? पण फायलीत सगळ्यात वर तुझा जुना अहवाल असणार. 'टिकत नाही' हे दोन शब्द कुणीही वाचील आणि फाईल मिटेल. तेव्हा नव्या अहवालाच्या पहिल्या पानावर आधी एवढं लिही, की त्या दिवशी टाकीत पाणी होतं, ते तुझ्या परवानगीनं गेलं होतं, आणि धनाजीचं स्पिरिट कोरडं होतं. खाली सही कर. तो कागद घेऊन इकडं ये आणि आईसमोर मोठ्यानं वाच. मग वही घेऊन जा. तू मला दिलेली माफी मात्र या पत्रासोबत परत पाठवतोय, माझ्या ती काही कामाची नाही. येशील तेव्हा दिवस मावळायच्या आत ये. आई अजूनही पाचलाच तवा ठेवते. फोटोचं, रंगुबाईचं मी तिला काही सांगितलेलं नाही, ते तुझ्याच तोंडून व्हायला हवं. काल तुझ्या पत्रावरचा पत्ता मी तिला वाचून दाखवला, तर तिनं पदर सावरला आणि मला विचारलं, "नेमा अजून रागावलाय का रं आपल्यावर?"

तुझाच होतो, म्हणून लिहिलं,
धनाजी