कमळाकरचं पाणी

५ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी ८.१०
हॉलच्या भिंतीवरचा डाग आज ताटाएवढा झाला. परवा बशीएवढा होता. पाणी वरून येतंय. वर कोण? कमळाकर. सोसायटीचा सेक्रेटरी. सप्टेंबरच्या इलेक्शनमध्ये मला एका मताने पाडून झालेला. (हिला विचारलं, तुझं मत कोणाला? म्हणाली, गुप्त मतदान गुप्तच बरं.)
आता सोडत नाही. प्लंबर आणायचा, 'गळती वरच्या बाथरूमची' असं लेखी घ्यायचं, आणि कमळाकरला अख्ख्या बिल्डिंगसमोर माफी मागायला लावायची. भिंतही तोच रंगवेल. स्वतःच्या हाताने रंगवली तर उत्तम. मी खुर्ची टाकून बघत बसेन.

७ जानेवारी, मंगळवार
कुळगावहून किसन आला. बिल्डिंगमधले सगळे नळ हाच करतो. भिंतीवर पान्याने टकटक केली, बाथरूममध्ये डोकावला आणि म्हणाला, वरचं काय नाय भाऊ, तुमची माळ्यावरची टाकी गळते. भिंतीपलीकडच्या बाथरूमच्या वर माळा आहे, त्यावर आमची तीनशे लिटरची टाकी. मी स्वतः उभं राहून बसवून घेतलेली. ती गळणं शक्यच नाही.
सर्टिफिकेट विचारलं. म्हणाला, पंचवीस वर्षं झाली, पाण्याने कधी सर्टिफिकेट मागितलं नाय. उद्धट! चहा न देता घालवला. अंबरनाथच्या कंपनीत तीस वर्षं स्टोअर सांभाळलं, कागदाशिवाय खिळा दिला नाही कोणाला. हे लोकल लोक सगळे कमळाकरच्या खिशातले. मला लोकल नको. क्वालिफाइड हवा.

११ जानेवारी, शनिवार
उल्हासनगर, कॅम्प तीन. नळांच्या दुकानातल्या सिंधी शेठनी छातीवर हात ठेवून सांगितलं, साईं, आपला माणूस एकदम नंबर वन.
नंबर वनचं नाव सनी. बुलेटवर आला. कार्डावर 'प्लंबिंग कन्सल्टंट'. बरं वाटलं. पाच मिनिटांत म्हणाला, अंकल, सीधी बात, टाकीचा वायसर गेलाय, दस मिनिट का काम. मी म्हटलं, वायसर राहू दे, वरच्याबद्दल दोन ओळी लिहून दे. तर विचारतो, अंकल, आपको प्लंबर चाहिए की वकील?
कार्ड फाडलं. (तो गेल्यावर.)
ही म्हणाली, दोघंही एकच सांगतायत. मी म्हटलं, यालाच मिलीभगत म्हणतात.

१४ जानेवारी, संक्रांत
कमळाकर तिळगूळ घेऊन आला. भिंतीकडे बघून म्हणाला, हरिभाऊ, ओल आलीय वाटतं, किसनला पाठवू का? चोराच्या मनात चांदणं!
तिळगूळ घेतला. गोड बोललो नाही. लाडू हिच्यापेक्षा चांगला होता, पण ते इथेच राहू दे.
डाग परातीएवढा.

१५ जानेवारी, बुधवार
सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: ज्याच्या घरचं पाणी सिद्ध होईल, त्याने याच ग्रुपवर नावानिशी माफी मागावी आणि भिंत रंगवून द्यावी. कमळाकरने लगेच अंगठा दिला. मूर्ख. स्वतःच्या फाशीच्या कागदावर सही केली गड्याने.

२१ जानेवारी, मंगळवार
सापडली! अंबरनाथ पश्चिम. नाव तेजस्वी. फोन करेपर्यंत मला वाटलं मुलगा असेल. आयटीआय, प्लंबर ट्रेड, फर्स्ट क्लास. सर्टिफिकेट लॅमिनेट केलेलं. दोनदा वाचलं. शिक्का स्वच्छ.
तिने टकटक केली नाही. म्हणाली, काका, अंदाजाने मी सही करत नाही. वरच्या मोरीत लाल रंग टाकू, तुमच्या टाकीत नीळ. भिंतीवर जो रंग उतरेल, त्याचं पाणी. मी म्हटलं, माझ्या टाकीत कशाला? म्हणाली, मग रिपोर्ट नाही.
ठीक. कर नाही त्याला डर कशाला?

२४ जानेवारी, शुक्रवार
रंग टाकले. कमळाकरने हसत बाथरूम उघडून दिलं, वर तिला पोहे खिलवले. लाचच ही.
आमच्या टाकीचं पाणी दोन दिवस वापरायचं नाही. वर मात्र भरपूर वापरायचं, दर वेळी मोरीत रंग टाकून. हिलाही आंघोळीला वरच पाठवली. जितकं पाणी तितका पुरावा! मी त्या घरात पाय ठेवणार नाही. अंग पुसून भागवीन.

२५ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी ६
डागाची कड जांभळट दिसतेय. लाल उतरायला लागला! ही म्हणाली, निळा आहे. तिला डोळे तपासून घ्यायला सांगितलं.
उद्या झेंडावंदनाला सगळे जमतील. सगळ्यांना नंतर आमच्या हॉलमध्ये बोलावलंय. भिंतीवर चादर टांगली आहे. अनावरण माझ्या हस्ते. कमळाकरला पुढच्या खुर्चीत बसवणार, म्हणजे तोंड नीट दिसेल.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदन. जिलबी. चौदा माणसं हॉलमध्ये. दोन मिनिटं बोललो. चादर ओढली.
निळा. लाल औषधालासुद्धा नाही.
तेजस्वीने रिपोर्ट लिहिला, तीन प्रतींत, मीच सांगितल्याप्रमाणे. मग माळ्यावर चढून वायसर बदलला. दहा मिनिटं लागली.
कमळाकर हसला असता तर बरं झालं असतं. त्याने जिलबीची बशी माझ्यापुढे केली आणि म्हणाला, हरिभाऊ, माफीबिफी राहू द्या, आपण शेजारी आहोत. इतका राग मला इलेक्शनलाही आला नव्हता.

२७ जानेवारी, सोमवार
माफी लिहायला बसलो. 'झालेल्या गैरसमजाबद्दल' लिहिलं. खोडलं. 'तांत्रिक कारणामुळे' लिहिलं. तेही खोडलं. शेवटी नुसतंच 'कमळाकर, माझी चूक झाली, माफ कर. हरिचंद्र' लिहून पाठवलं. स्वयंपाकघरात हिचा फोन वाजला. पहिला अंगठा तिचाच आला.
वाईट वाटलं. रागही आला, पण कोणावर काढायचा ते कळेना.
एक गोष्ट या वहीतही लिहिली नव्हती. किसन गेला त्या दिवशी मी स्टूल घेऊन माळ्यावर बघितलं होतं. टाकीखाली हात घातला. हात ओला आला. टॉवेलला पुसला, खाली उतरलो आणि हिला म्हणालो, वरूनच येतंय.