सासऱ्यांकडे काठी शिकताना

३ फेब्रुवारी
विचारलं एकदाचं! सासऱ्यांना थेट म्हटलं — ताताय (म्हणजे बाबा), मला काठी शिकवा. कशाला, म्हणाले. पहाटे मासळीबाजारात एकटी जाते, रस्त्यात चोरटे असतात, असं सांगितलं. ते कोंबड्यांना दाणे टाकत होते. सगळे टाकून झाल्यावर म्हणाले, उद्या ये, चपला काढून.

खरं कारण इथे लिहिते. मार्चअखेर माझा नवरा रेनान्ते जहाजावरच्या नोकरीवरून सुट्टीला घरी येतोय. मागच्या सुट्टीत पिऊन त्याने मला दोनदा मारलं. ताताय तेव्हा नणंदेकडे होते. परत आल्यावर सुजलेला गाल बघून त्यांनी विचारलं, तर मी नळापाशी घसरले, असं सांगितलं. एकुलता एक मुलगा, गळ्यातला ताईत! कळलं तर खचतील. पण यावेळी मार खायचा नाही, हे ठरलंय.

५ फेब्रुवारी
बोटं सुजली. वेताची काठी आणि मी — दोघी सारख्याच हट्टी.

९ फेब्रुवारी
आज तातायचा वार आला आणि मी त्यांची काठी हवेतच पकडली! ऐटीत हसत उभी राहिले. त्यांनी माझी मूठ सोडवली, बोटं एकेक करून उघडली. म्हणाले, "ही चार गेली. अंगठा उरला. आता भात कशाने खाशील?"

काठी हातात असली तरी कोयता आहे असंच धरून खेळायचं — आमच्या सेबू बेटावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी पकडली ती धारच! लाज वाटली. मग ताताय स्वतःच खोबरेल कोमट करून माझ्या बोटांना चोळत बसले. वर शेजारणीला ओरडून सांगतात कसे, सून आज बोटं विकून आली, भाव बरा नाही मिळाला. किती दिवसांनी मी पोट धरून हसले.

१७ फेब्रुवारी
भिंतीवरचा कोयता आज हातात दिला. त्यांच्या वडिलांचा. दोनच वार शिकवले आणि मग सकाळभर नुसतं मागे सरकायला लावलं. समोर धार असली की शौर्य नंतर, आधी पाय हलले पाहिजेत, म्हणतात. शेवटी केळीचा खुंट तोडायला दिला. एका वारात नाही तुटला, पण तुटला!

जेवताना सगळ्यात मोठा मासा माझ्या ताटात. काटेसुद्धा काढून दिले, मी काय लहान आहे? माझे वडील मला आठवत नाहीत. तेही असेच असते, असं वाटलं.

२ मार्च
रेनान्तेचा व्हिडिओ कॉल. तीस तारीख नक्की झाली. ताताय त्याच्याशी फार मायेने बोलले, तुझ्या आवडीचं डुक्कर भाजू म्हणाले. मी पलीकडे भांडी घासत होते. एकच ताट तीनदा घासलं.

३ मार्च
कोयता भिंतीवर नाही! विचारलं तर म्हणे, गंजला होता, ठेवून दिला. खोटं — परवाच मी तेल लावलंय. आता फक्त काठी, आणि तीही रोज दोन्ही वेळा. वाईट वाटलं. माझ्यावर विश्वास नाही का? रागाने जेवले नाही, तर आल्याची पेज घेऊन दारात उभे. मी चमचा खाली ठेवेपर्यंत हलले नाहीत.

११ मार्च
आज तातायनी अचानक काठी डाव्या हातात घेतली. सगळं उलटं! आमच्या घरात डावखुरा एकच, पण तेव्हा ते डोक्यात आलंच नाही. मी गोंधळले, चिडले आणि काठी सरळ त्यांच्या डोक्याकडे फिरवली. त्यांनी वरच्यावर अडवली. बराच वेळ धापा टाकत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "डोक्यावर नको, पोरी. मनगटावर मार. मुलगा आहे माझा तो."