मागच्या खोलीतली लाइन

६ जून १९८८

कळव्यात बस्तान बसलं, माझं आणि माझ्या वडिलांचं, आबांचं. खोली छोटी, पण खिडकीतून खाडी दिसते. ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले. काम नीट केलं तर वर्षअखेर पर्मनंट. घरमालकीण आवडाबाई म्हणाली, टेलिफोनवाली भाडेकरू आली, आता माझा फोन मेला तर तुझंच भाडं वाढवीन. अख्खी चाळ तिच्याच फोनवर बोलते.

लहानपणच्या आजारपणामुळे चौथीपर्यंत आबांनीच मला घरी शिकवलं. तेव्हाची शिस्त अजून चालू आहे: रोज लिहायचं आणि जेवणानंतर त्यांना वाचून दाखवायचं. विरामचिन्हंसुद्धा मोठ्यानं म्हणायची. 'पूर्णविराम' म्हटलं की आबा मान डोलावतात.

२० जून

तांडेल साहेबांनी आज मागच्या खोलीत बसवलं. हेडफोन लावून एकच लाइन ऐकायची, कोण काय बोललं ते त्यांना सांगायचं. लाइन दिवा गावातल्या भीमाबाईंची. पाण्यासाठी हंडा मोर्चे काढतात त्या. मी विचारलं, याला लेखी हुकूम आहे का. साहेब म्हणाले, "बाई, तुम्हाला पर्मनंट व्हायचंय की ऑडिटर?" बोलताना ते पेनाचं टोपण कानात फिरवतात.

दुसऱ्याच्या दाराला कान लावू नये, हा आबांचा पहिला धडा.

२ जुलै

भीमाबाई बहिणीला सांगत होत्या, मंत्री आला तर त्याला आमच्या नळाखाली आंघोळीला बसवू, कोरडाच परत जाईल. मला हसू आलं, मग लाज वाटली. त्यांना वाटतंय, आपण दोघीच बोलतोय.

उद्या रविवार. दिव्याला जाऊन भीमाबाईंना सगळं सांगणार. त्या कोर्टात गेल्या तर साक्ष देईन. आबांशिवाय कोणाला कळू द्यायचं नाही.

३ जुलै

दाराला कुलूप. मोर्चातल्या रंभाताई तिथे भेटल्या, मला आपल्या चाळीत नेऊन म्हणाल्या, सकाळी साध्या कपड्यातली माणसं आली, भीमाबाईंना गाडीत घालून घेऊन गेली. जाताना विचारत होती, टेलिफोनवाली पोरगी येऊन गेली का.

मी फोनवर काही बोललेच नव्हते. कोणाजवळच—

घरी आल्यावर आबा म्हणाले, योगायोग असेल.

५ जुलै

तांडेल साहेब हसत म्हणाले, "बघा बाई, टोपण आता खिशातच ठेवतो."

ते मी फक्त इथे लिहिलं होतं. वही सतत माझ्या पिशवीत असते. आवडाबाईची खोली भिंतीला लागूनच आहे. आज हळू आवाजात वाचीन.

८ जुलै

भीमाबाईंच्या लाइनवर क्रॉस कनेक्शन. खरखर. मग आबांचा आवाज.

माझं मंगळवारचं पान पाठ म्हणत होते. जसंच्या तसं. "आज हळू आवाजात वाचीन, पूर्णविराम."

मग तांडेल साहेब. आता कुठे जायचं म्हणते का, विचारत होते. आबा म्हणाले, नाही साहेब, मी समजावतो तिला. तेवढं पर्मनंटचं बघा. आईवेगळी पोर आहे.

माझ्यासाठी. हे सगळं माझ्यासाठी. आणि भीमाबाई अजून—

८ जुलै, जेवणानंतर

वाचणार नाही म्हटलं. आबांनी उठून दाराला कडी घातली. आवाज तोच, पाटीवर गिरवून घ्यायचे तेव्हाचा. म्हणाले, ती रंभा कुठल्या चाळीत राहते, तिथे आणखी कोण कोण असतं, नीट लिही पोरी. मग वाच.

रंभाताईंचं नाव त्यांना मीच— मीच वाचून—

मागे उभे आहेत. बोट पानावर. म्हणतात, पत्ता लिही आणि पूर्णविराम दे. मी नाही दे