वर्षभराची जेवणं, 'छान' न म्हणता

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा सध्या वाकत नाही, त्यामुळे आठांपैकी सात अंगं टेकली आहेत असं समजून घे.) तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारत नाही, कारण विचारलं की तू 'ठीक' एवढंच लिहितोस आणि वहिनी त्याच पाकिटात वेगळी चिठ्ठी घालून खरं काय ते कळवते. गेल्या चिठ्ठीत तिने लिहिलं होतं की त्या तापात गेलेली तुझी चव आणि वास अजून परतलेले नाहीत, डॉक्टर 'येईल हळूहळू' म्हणतात, आणि तू ताटात पडेल ते मुकाट्याने खातोस, परक्या घरी जेवावं तसं. तुझ्या हॉटेलाला कुलूप लागून परवा वर्ष झालं. किल्ली तू औषधांच्या डब्यात ठेवली आहेस, हेही तिनेच कळवलं. (तिच्यावर रागावू नकोस. मी खोदून खोदून विचारलं होतं.)

मी फिरतीवरून 'पोचले, जेवले, निजते' एवढंच लिहिते, काय जेवले ते कधीच लिहीत नाही, अशी तुझी जुनी तक्रार. ती या पत्राने एकदाची मिटवते. दातांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या बसवायच्या आणि बिघडल्या की दुरुस्त करायच्या, हे काम करत मी सव्वीस वर्षं गावोगाव फिरते आहे. (आपल्या निम्म्या नातेवाइकांना अजून वाटतं की मी सुतारकाम करते. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही. नाहीतर ते आपल्या दाढा दाखवतात.) या धंद्याचा एक मोठा फायदा आहे. परक्या गावात कुठे जेवावं हे दंतवैद्याइतकं कोणाला कळत नाही. कोणत्या हॉटेलात तांदळात खडे असतात, कोणाचा पाव दगडासारखा असतो, हे त्यांच्या खुर्चीत बसलेली माणसं कण्हत कण्हत सांगतात. खुर्ची वरखाली व्हायला लागली की दंतवैद्य खूश होतो, आणि खूश झालेला दंतवैद्य खरं बोलतो.

पण जेवणांकडे वळण्याआधी एक सांगायला हवं. मला चव कळत नाही, हे आपल्या घरात वर्षानुवर्षं ठरलेलं आहे. शाळा सुटली की मी तुझ्या हॉटेलात यायचे आणि स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या टेबलावर गणितं सोडवायचे. आतून तुझी पळी बाहेर यायची. मी तळहात पुढे करायचे, तू त्यावर चमचाभर सूप ओतायचास आणि विचारायचास, काय? तुझ्या स्वयंपाकघराचा नियम होता की चव एका शब्दात सांगायची आणि तो शब्द 'छान' असता कामा नये. छान म्हणजे चव नव्हे, छान म्हणजे सुटका, असं तुझं म्हणणं. जो 'छान' म्हणेल त्याने टोपलीभर कांदे सोलायचे, मग तो आचारी असो की मालकाची बहीण. मी प्रत्येक वेळी 'छान'च म्हणायचे. एकदा तर तू नुसतं कोमट पाणी ओतलंस, आणि मी तेही छान म्हणाले. गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणून तू हसत टोपली पुढे सरकवलीस. मी दहावीपर्यंत जेवढे कांदे सोलले तेवढे धडेही वाचले नसतील. दादा, ते टेबल, ती पळी आणि तुझ्या मनगटावरचे भाजल्याचे डाग मला आजही दिसतात, आणि त्या सुपाच्या वासाची आठवण आली की मी जिथे असेन तिथे क्षणभर काम थांबवते.

आणि त्याच शब्दाने पुढे घात केला. (हे तुला माहीत आहे. पण तू त्याविषयी कधीच बोलत नाहीस, म्हणून मी लिहिते.) तापातून उठून तू पुन्हा कामाला लागलास, तोंडाला चव नाही हे कोणाला सांगितलं नाहीस, आणि एका दुपारी सुपात दोनदा मीठ घातलंस. ती वाटी गेली रोजच्या गिऱ्हाइकाकडे, निवृत्त पोस्टमास्तरांकडे. त्यांनी अवाक्षर न काढता ती संपवली, वर चार पेले पाणी प्यायले, आणि जाताना दारातून म्हणाले, छान झालं होतं. मग वहिनीने पातेल्यातलं सूप बोटाने चाखून पाहिलं आणि तिचा चेहरा तू पाहिलास. कोणी ताट भिरकावून दिलं असतं तर तू सहन केलं असतंस, पण त्या सज्जन माणसाने तुझी कीव केली हे तुला सोसलं नाही. त्याच संध्याकाळी तू शटर खाली ओढलंस.

असो. आता जेवणं.

पहिलं जेवण पुलाजवळच्या गावातलं, तुझं कुलूप लागल्यावर महिन्याभराने. तिथले दंतवैद्य म्हणाले, पायऱ्यांखालच्या हॉटेलात जा, पावाला हात लावू नका, त्याने यंदा माझ्याकडे अकरा रुग्ण पाठवले आहेत. पण मसुराचं सूप चुकवू नका. चार मोडकी बाकं, भिंतीवर ओल, आणि मालक असा तुसडा की आपण जेवायला आलो हीच चूक झाली असं वाटावं. सूप प्यायले. तुला कळवावं म्हणून वही काढली (खुर्च्यांच्या नोंदींचीच वही, मागच्या पानावर) आणि लिहिलं, 'छान'. लिहिलं आणि हात थांबला. तुला जीभ उरलेली नाही, माझी शाबूत आहे, आणि मी त्या जिभेने एवढंच कळवणार? मला स्वतःची लाज वाटली. मी शब्द खोडला आणि दुसरी वाटी मागवली. मग तिसरी. (मालकाचा तुसडेपणा तिसऱ्या वाटीला वितळला. चौथीला त्याने मला भाऊबंदकीची हकीकत सांगितली.) तेव्हा कुठे वहीत दोन ओळी उतरल्या: आधी आंबट, मग कांद्याचा गोडवा, आणि गिळताना अगदी शेवटी जरासं जळकं, तापलेल्या तव्यासारखं. त्या दोन ओळींसाठी माझी दुपारची बस चुकली.

दुसरं जेवण बंदराच्या गावातलं, आणि तिथे मी जन्माची फजिती करून घेतली. दंतवैद्यीणबाईंनी सांगितलं होतं, गल्लीत वळलात की निळं दार, पाटी नाही, सरळ आत जा. मी हत्यारांची पेटी घेऊन निळ्या दारातून आत गेले. आत एकच टेबल होतं. एक आजीबाई बाहेर आल्या, पेटीकडे बघून म्हणाल्या, आलात एकदाच्या, कालपासून वाट बघतोय, आधी जेवून घ्या. माझ्या पोटात कावळे ओरडत होते. मी म्हटलं, काय अगत्य आहे. टोमॅटोत शिजवलेली अंडी, वर मिरपूड, बाजूला भात. आंबट, पण धार बोथट केलेला आंबटपणा. मी विचारलं तर त्या म्हणाल्या, चिमूटभर साखर आणि खूप वेळ. (वहीत लिहिलंय: 'खूप वेळ' हीसुद्धा एक चव असते.) मी दोनदा भात मागून घेतला. मग मी विचारलं, किती झाले? आजीबाई म्हणाल्या, आधी मशीन तर बघा, तुमचे किती ते मग बोलू. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हॉटेल पुढच्या निळ्या दारात आहे, आणि हे एक घर आहे, ज्यातलं कपडे धुण्याचं यंत्र परवा बंद पडलं आहे. आता खाल्ल्या अन्नाला जागायला नको? मी बाह्या सरसावल्या. यंत्रात लहान मुलाचा मोजा अडकला होता, तो काढला, पट्टा घट्ट केला, तासाभरात यंत्र सुरू झालं. आजींना मी शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही. त्यांचा खरा कारागीर मला जिन्यात भेटला. मी त्याला जेवून जायला सांगितलं.

तिसरं जेवण शहरातल्या एका बड्या हॉटेलातलं, चौदाव्या मजल्यावरचं. ते नाकापेक्षा मोती जड अशातलं होतं, ताट परातीएवढं आणि मधोमध तीन मटार. वाढपी त्या मटारांचं कूळ आणि शिक्षण सांगत राहिला, तोवर ते गार झाले. खरं सांगायचं तर एक मटार अप्रतिम होता. बाकीच्या दोघांविषयी मी काही बोलत नाही.

चौथ्यासाठी मात्र वेळ काढून वाच, म्हणजे वहिनीला सावकाश वाचू दे. (माझी पत्रं तीच तुला मोठ्याने वाचून दाखवते, हे मला ठाऊक आहे.) कारखान्यांच्या गावात, फाटकासमोर, एक मोठी खानावळ आहे. पत्र्याचं छप्पर, लांबच लांब टेबलं, पाळी सुटली की दोनशे माणसं एकदम बसतात. मी बटाटे घालून शिजवलेला कोबी घेतला. पहिला घास घेतला आणि, उचलली जीभ लावली टाळ्याला, मोठ्याने बोलून गेले, मीठ मागाहून पडलंय, बटाट्याच्या आत गेलेलंच नाही. माझ्या शेजारच्यांचे हात थांबले. आतून एक धिप्पाड बाई हातात झारा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, कोण बोललं ते? मी हात वर केला. (शाळेत असतानाही मी इतक्या भीतीने हात वर केला नव्हता.) त्या माझ्याजवळ आल्या, अगदी जवळ, आणि तेव्हा मला दिसलं की त्यांच्या डोळ्यांवर सायीसारखा पडदा आहे. म्हणाल्या, आज विसरले होते मी, वाढताना घातलं, एवढी माणसं जेवून गेली, कोणाला कळलं नाही, या आत.

आत गेले. त्या आचारीणबाईंना नऊ वर्षांपासून नीट दिसत नाही. कांदा परतताना त्यांचे यजमान शेजारी स्टुलावर बसून रंग सांगतात. पांढरा. पांढरा. कडा पिवळ्या. पिवळा. आता काढ. मग बाई कढई उतरवतात आणि भांडतात, जरा आधी सांगायला काय झालं होतं? यजमान म्हणतात, आधी सांगितलं तर कच्चा म्हणतेस. रोज हेच, रोज दोनशे माणसांसाठी. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला तू आठवलास. औषधांच्या डब्यातली किल्लीही आठवली, आणि मला रडू आलं. शेजारी दोघी कांदे चिरत होत्या, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही.

तर असं गेलं वर्ष. तुझ्या चवीचं जेवण मला कुठेच मिळालं नाही, पण ते काय होतं हे मला आता इतक्या वर्षांनी कळतंय, आणि कळतंय तेव्हा तुझं हॉटेल बंद आहे. याचं मला वाईट वाटतं, ते लपवत नाही. वहिनीला नमस्कार सांग. शेजारच्या काकू खिडकीशी उभ्या राहून हे वाचन ऐकत असतील, त्यांनाही सांग. थंडीत गळा झाकत जा.

तुझी धाकटी

ता. क. गुडघा एवढा काही दुखत नाही. पत्राची सुरुवात कशी करावी ते सुचत नव्हतं.

ता. क. २. वर लिहिलंय की मी कामासाठी फिरत होते. ते पुलाच्या आणि बंदराच्या गावापुरतं खरं आहे. चौदाव्या मजल्याच्या आसपास आमच्या कंपनीची एकही खुर्ची नाही, आणि कारखान्यांच्या गावात दंतवैद्यच नाही. तिथे मी रजा काढून गेले होते, आणि एकदा नव्हे, सहा वेळा. त्या बाईंनी मला स्वयंपाकघरात उभं करून, डोळे बांधून, चव सांगायला शिकवलं. पहिल्या तीन वेळा त्यांनी मला हाकलून दिलं. सहाव्या वेळी त्यांनी पुढचं पातेलं माझ्याकडे सरकवलं. मागच्या महिन्यात मी राजीनामा दिला. गुरुवारी सकाळच्या गाडीने सामानासकट येते आहे. हात तुझा, जीभ माझी. हे विचारायला लिहीत नाही, कळवायला लिहिते आहे.

ता. क. ३. माझ्या हातून चुका होणार. पहिल्याच दिवशी मी खारटाला अळणी म्हणेन आणि तुझं पातेलंभर सूप वाया जाईल. वहिनीने परवाच्या चिठ्ठीत शेवटी एक ओळ लिहिली होती, ती तुला सांगू नये असंही खाली लिहिलं होतं. गेल्या वर्षभरात तू कोणावरही ओरडला नाहीस, दादा, आणि त्या शांततेने तिला घरात झोप लागत नाही. निदान माझ्यावर ओरडण्यासाठी तरी स्वयंपाकघरात ये.