लिओनीची मान

३ मार्च १९०८, ब्रूज

काय गं वही, काल सांगितलेलं आठवतंय? नाही ना! लिहिल्याशिवाय तुझ्या डोक्यात काही राहतच नाही. मला अक्षर येत नाही, म्हणून सगळं लक्षात ठेवावं लागतं. लेसच्या शाळेत आम्हाला धागा गुंडाळायच्या फिरक्या दिल्या, पाटी नाही दिली. सांगते मी, लिहिते नात.

आज तिचीच, लिओनीची, मान धरली. डावीकडे वळतच नाही. पंधरा वर्षांची पोर! आणि चर्चच्या वेदीची लेस ईस्टरच्या आत सिस्टरांच्या मठात बसून पुरी करून द्यायची आहे.

५ मार्च

शेजारीण मीत्या म्हणे, "दाराच्या फटीतलं वारं लागलं, दुसरं काय!" फटीत चिंध्या कोंबल्या. गरम कोंड्याची पुरचुंडी मानेला बांधली. सकाळी बरं — संध्याकाळी मठातून आली की पुन्हा तेच. वारं काय फक्त कामाच्या वेळी वाहतं?

६ मार्च

पोर रडली. मी नाही.

९ मार्च

टेबलाशी वाकून लिओनीला लिहवेना. वही कपाटावर ठेवली, उभ्यानं लिहू लागली. अर्धा तास झाला, एकदाही "आई गं" नाही!

"दुखत नाही?"

"नाही, आजी. खाली बघितलं की दुखतं."

वारं कसलं! उशी. लेस जिच्यावर विणतात ती उशी मांडीवर, हनुवटी छातीला, दहा-दहा तास. आणि तिला असं बसायला शिकवलं कुणी? मीच. "मान वर करते ती गर्विष्ठ" — मला शाळेत शिकवलं, मी तिला. माझी मान तर आता वर होतच नाही. वीस वर्षं झाली, घंटाघराचं टोक पाहिलं नाही. माणसं बुटांवरून ओळखते. मीत्यापेक्षा तिच्या बुटांना अक्कल जास्त.

१२ मार्च

उशीखाली लाकडी खोका दिला, मठात घेऊन जाते. दर ओळीला डोकं वर, डावीकडे बघ, उजवीकडे बघ, खांदे सैल सोड. तीन दिवसांत मान अर्धी वळली!

१४ मार्च

सिस्टर वालबुर्गानं खोका पायानं ढकलला. "सगळ्या वाकतात. तू कोण राणी? उशी मांडीवर घे, नाहीतर घरी जा."

पोरीनं मांडीवर घेतली. "ईस्टरपर्यंतच गं, आजी." मीही असंच म्हणायचे — ईस्टरपर्यंत. मग नाताळपर्यंत.

१६ मार्च

पुन्हा धरली. आता बोटांनाही मुंग्या.

१७ मार्च

आज मी मठात गेले. लिओनीच्या उशीवरचे सगळे धागे कात्रीनं कापले. लेस अर्धीच होती. तिथं याहून मोठं पाप नाही — आता आम्हा दोघींना कुणी उंबऱ्याशी उभं करणार नाही.

लिओनी, रडू नकोस, एक पान फाड. ओस्टेंडला मासेमारी करतो ना तुझा बाप, त्याला लिही: पोर घरी आहे. खारवलेले, बिनमुंडक्याचे हेरिंग पुरे झाले. ताजे मासे पाठव, डोक्यासकट.